आधी शिक्षकाचा पगार

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो. पुलाच्या आजूबाजूला उंच टॉवर, मॉल, रुग्णालये. त्यांच्या पायथ्याशी जुने गावठाण, चाळी आणि दाटीवाटीच्या वस्त्या. एका पिढीपूर्वी या वस्तीतल्या दहावी नापास मुलाला एक वाट होती. एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे वागळे इस्टेट इथून जवळ. तिथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तो हेल्पर म्हणून चिकटायचा, उस्तादाच्या हाताखाली लेथ शिकायचा आणि काही वर्षांत टर्नर व्हायचा. ती वाट आता फार अरुंद झाली आहे. रेमंडची जेकेग्रामची गिरणी बंद पडली, कोलशेतच्या क्लॅरियंटच्या जागेवर गृहसंकुल उभे राहिले. त्याच मुलाच्या हातात आज फोन आहे आणि पाठीवर डिलिव्हरीची बॅग. फोन त्याला कुठे जायचे ते सांगतो. फोनला काय सांगायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

ते, म्हणजे संगणक आणि प्रोग्रॅमिंग, शिकवण्यासाठी ज्या संस्था धडपडतात, त्यांचे नेतृत्व करणाऱ्यांना समाजाकडून जे सल्ले मिळतात, त्यातले बहुतेक चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्यात लोकप्रिय सल्ला असा: मुलांना शिकवायची गरजच नाही, हातात यंत्र द्या, ती आपली आपण शिकतात. या मताला मोठा आधार दिला जातो तो सुगत मित्र यांच्या प्रयोगाचा. १९९९ साली दिल्लीतल्या कालकाजीत त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि झोपडपट्टीतली मुले कोणी न शिकवता तो चालवू लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातल्या शिरगावातही असे संगणक बसले. प्रयोग खरा होता आणि मुलांच्या कुतूहलाबद्दल त्याने जे दाखवले तेही खरे. पण हा दाखला देणारे मित्र यांचाच पुढचा प्रयोग सांगत नाहीत. तमिळनाडूतल्या कळिकुप्पम गावात मुलांना संगणकावर जैवतंत्रज्ञानाची माहिती देऊन एकटे सोडले, तेव्हा त्यांचे गुण तीस टक्क्यांपर्यंत पोचले. मग ज्याला विषय मुळीच येत नाही, पण ज्याची मुलांशी ओळख आहे, अशा एका मोठ्या माणसाला त्यांच्या पाठीशी उभे केले. त्या व्यक्तीने फक्त विचारत राहायचे, कौतुक करायचे. गुण पन्नास टक्क्यांवर गेले. स्वयंशिक्षणाच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याच्या प्रयोगातही मधली वीस टक्क्यांची उडी माणसाने घडवली आहे.

‘हल्ली फोन तर घरोघरी आहे’ हे त्याच मताचे नवे रूप. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी आहे. जवळजवळ नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन सापडला. त्याच मुलांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सफाईने वाचता येत नव्हता आणि निम्म्याहून अधिकांना साधा भागाकार जमत नव्हता. फोन चालवता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. म्हणजे घरात फोन आला तरी तो मुलीपर्यंत पोचेलच असे नाही, आणि पोचला तरी भागाकार येत नाही. पाहणी खेड्यांची आहे हे मान्य. पण माजिवड्याच्या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे अशाच खेड्यांतून आलेली आहेत, आणि पुलाखाली येऊन कोणाला आपोआप भागाकार येऊ लागत नाही.

दुसरा सल्ला दात्यांचा: लॅपटॉप वाटा. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची जी जागतिक मोहीम निघाली, तिचे यंत्र २००७ मध्ये रायगडातल्या खैराटच्या शाळेतही आले होते. या मोहिमेचा सर्वांत मोठा प्रयोग पेरू देशात झाला आणि तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये बाहेर आला. मुलांच्या तर्कशक्तीत थोडी वाढ दिसली. गणित आणि भाषेत काहीच फरक पडला नाही. यंत्रे पोचली होती, त्यांचे काय करायचे हे शिक्षकांपर्यंत पोचले नव्हते. तरीही आपल्याकडे दात्यांना वाटपाचा कार्यक्रमच आवडतो, कारण त्यात फीत कापता येते आणि छायाचित्र निघते. शिक्षकाच्या पगाराला फीत नसते.

मग काय करावे? उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला चाळीस वर्षांपूर्वी मिळालेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये त्यांनी दुष्काळी शिरूर तालुक्यातल्या या गावात विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली मुले तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती, पशुपालन, माती आणि रक्ताच्या चाचण्या शिकतात, आणि शिकतात ती गावाची खरी कामे करून. काम बिघडले तर गावकरी तक्रार करतो, हीच परीक्षा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब (डिजिटल यंत्रांची कार्यशाळा) जगात कुठे उघडली असेल, तर ती याच पाबळला. जगातले अद्ययावत तंत्र तिथे पोचले, कारण ते पेलणारी माणसे आणि हाताने शिकण्याची सवय आधीच तयार होती. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले ते वीस वर्षे पाबळला राहून. संस्था चालवणे म्हणजे काय, ते मी या वीस वर्षांवरून समजतो.

शहरातही हे होते. ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या पुलाखाली जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर फुले आणि खेळणी विकणारी मुले तिथे कंटेनरच्या वर्गांत शिकू लागली. ‘पोटाला नाही, तिथे शाळा कसली’ म्हणणाऱ्यांना त्या पुलाखालीच उत्तर मिळते: मुलांची आंघोळ, जेवण आणि अक्षर एकाच छपराखाली, रोज तीच माणसे समोर. दोन वर्षांत तिथले दोघे दहावी झाले. भूक आधी की शिक्षण आधी, हा वाद त्या मुलांनी कधी घातला नव्हता. तो बाहेरून पाहणाऱ्यांचा आहे.

एक सल्ला मात्र मला अधिक खुपतो, कारण तो संस्थांच्या आतून येतो. हुशार दहा मुले निवडा, त्यांना चांगल्या कंपनीत लावा, बाकीची त्यांच्याकडे बघून पुढे येतील. अहवालात हे छान दिसते. पण वरच्या थरातल्यांना शिकवले की विद्या खाली झिरपेल, या धोरणावर जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमका प्रहार केला होता. ठाण्याच्या वस्तीत निवडक दहांची भरती करणारी संस्था तेच धोरण चालवते, आणि ज्या मुलीला घरकामातून दुपारचे दोन तासच मिळतात, ती पहिल्या चाळणीतच गळते.

‘आता यंत्रच प्रोग्रॅम लिहिते’ या युक्तिवादावर फार शब्द खर्च करायला नकोत. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे ज्याला कळते त्याच्याच हाती ते यंत्र असते. ज्याला कळत नाही, तो यंत्राच्या हुकमतीत राहतो.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे नेतृत्वाची खरी कसोटी आहे. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानुसार एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. अनेक कंपन्या सांगतात, यंत्रे देऊ, पगाराला पैसे नाहीत, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. हे खरे नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. शिक्षणाच्या प्रकल्पातला शिक्षकाचा पगार हा प्रकल्पखर्च आहे, आणि नियम सलग काही वर्षे चालणारा प्रकल्पही मान्य करतात. संस्थाप्रमुखाने हे नियम दात्यासमोर ठेवावेत. त्यानंतरही दाता शंभर टॅबलेटच देतो म्हणाला, तर नाही म्हणण्याची हिंमत दाखवावी. शिकवायला माणूस नसताना घेतलेले टॅबलेट कपाटात पडून राहतात आणि पुढच्या वर्षीचा दाता तेच कपाट दाखवून म्हणतो, ‘या मुलांना गोडी नाही.’

शिक्षक शक्यतो वस्तीतलाच हवा, आणि ती मुलगी असेल तर अधिक चांगले. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, जात पडताळणी, शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरायला आज त्या वस्तीतली माणसे सायबरवाल्याला पैसे देतात. ते अर्ज आपल्या घरात भरून देणारी ताई वर्गात शिकवू लागली की आया मुलींना पाठवतात. तिला महिन्याच्या महिन्याला, वेळेवर आणि घर चालेल इतका पगार मिळाला पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली तिला तुटपुंज्या मानधनावर राबवणारी संस्था ज्या विषमतेशी लढायला निघाली, तीच घरात पोसते.

वागळे इस्टेटमधल्या उद्योजकांना, घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांना आणि आपल्या पगारातून काही बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक ठाणेकराला माझी विनंती आहे: या वर्षी जुना लॅपटॉप देऊन मोकळे होऊ नका. आपल्या जवळच्या वस्तीतल्या एका संस्थेशी तीन वर्षांचा करार करा, आणि त्या कराराची पहिली ओळ शिक्षकाच्या पगाराची असू द्या.