खवले मांजराचं गणित

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा एका प्राण्याबद्दल लिहायचंय, ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि जिवंत मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. खवले मांजर!

पहिली गंमत म्हणजे हे मांजर नव्हेच. मांजरासारखं त्याच्यात काही नाही. तोंडात एक दात नाही. अंगावर माशासारखी खवलं, पुढच्या पायांना कुदळीसारखी नखं आणि वीतभराहून लांब चिकट जीभ. दिवसभर बिळात झोपायचं, अंधार पडला की बाहेर पडायचं, वासावर मुंग्या आणि वाळवी हुडकायची, वारूळ उकरायचं आणि जिभेने सगळं साफ करायचं. दात नसल्यामुळे चावायचं काम पोटात चालतं. खाताना पोटात गेलेली वाळू आणि बारीक खडे तिथे जात्यासारखं दळण करतात. मुंग्या नाकाकानात शिरू नयेत म्हणून ती भोकं मिटून घेण्याची सोयसुद्धा आहे. देवाने इतका विचार करून बनवलेला प्राणी दुसरा सापडणं कठीण!

पण मला आज बोलायचंय ते त्याच्या वंशवाढीबद्दल, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

खवले मांजराच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. क्वचित दोन. वर्षाकाठी हिशोब धरायचा तर एकच. जुन्या पुस्तकांत गर्भारपण दोन-सव्वादोन महिन्यांचं दिलेलं असायचं. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात हे प्राणी पाळून नीट नोंदी ठेवल्या गेल्या, तेव्हा कळलं की ते पाच महिन्यांपेक्षाही जास्त असतं. म्हणजे एका पिल्लासाठी जवळजवळ अर्धं वर्ष! जन्मतः पिल्लू पाव-अर्ध्या किलोचं, खवलं अगदी मऊ. ती काही दिवसांत कडक होतात. मग आई बाहेर पडताना त्याला शेपटीच्या बुडाशी बसवून फिरवते. धोका दिसला की पिल्लाला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती स्वतःचा गोळा करते. काही महिने हे असंच चालतं.

आता तुलना करा. आपल्याकडे रानडुक्कर एका विणीत चार-सहा पिल्लं सहज देतं, म्हणून भातशेतीची वाट लागते. समुद्रातली कासवीण एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला कासव संरक्षणाचं काम सुरू केलं, ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे घरटं राखलं की शंभर जीवांना आधार मिळतो. माणसांना टोपलीतून समुद्राकडे निघालेली पिल्लं डोळ्यांनी दिसतात, पर्यटक येतात, गावाला चार पैसे मिळतात. त्याच संस्थेने पुढे खवले मांजराचं काम हाती घेतलं, तेव्हा मामला फारच अवघड होता. इथे राखायला घरटं नाही, दाखवायला पिल्लं नाहीत. प्राणी रात्रीचा, एकटा राहणारा, बिळात दडणारा. पर्यटकांना दाखवणार काय, बीळ?

आणि पिंजऱ्यात पैदास करून रानात सोडू म्हणाल, तर तेही सोपं नाही. पकडल्याच्या धास्तीनेच कित्येक प्राणी मरतात. मुंग्या-वाळवीचं खाणं रोज पुरवणं ही वेगळीच डोकेदुखी.

तर सांगायचा मुद्दा असा, की या प्राण्याला वाचवायचा मार्ग एकच उरतो. जो आहे तो मरू द्यायचा नाही. एक मादी गेली की तिच्याबरोबर तिच्या आयुष्यातली सगळी पिल्लं गेली, आणि पोटात किंवा शेपटीवर एखादं असलं तर तेही त्याच दिवशी गेलं. ही तूट भरून यायला वर्षं लागतात.

बिबट्या आला तर गोळा करून पडून राहणं ही त्याची युक्ती लाखो वर्षं चालली. माणसापुढे तीच उलटली. जो प्राणी पळत नाही, चावत नाही, नुसता गोळा होतो, त्याला उचलून पोत्यात टाकायला शिकारी लागतच नाही. कोणीही टाकतो. खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते, असं आपल्याकडे सांगणारे अजून आहेत. खवलं म्हणजे केराटिन, आपल्या नखाकेसांत असतं तेच. तेवढ्यासाठी स्वतःची नखं कापून अंगठीत बसवली तरी गुण तेवढाच यावा! चीननेसुद्धा २०२० साली आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून ही खवलं काढून टाकली. आपण मात्र आजीच्या बटव्याला चिकटून.

पण अंगठीपेक्षा मला जास्त राग येतो तो बातम्यांचा. खवले मांजराची तस्करी पकडली की बातमीत हमखास वाक्य असतं, आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत इतके लाख, इतके कोटी. अहो, हे कुणासाठी छापता? ज्या पोराच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याच्या काजूच्या बागेत बीळ आहे, तोसुद्धा हे वाचतो. प्रत्यक्षात त्याच्या हाती बेडी येते, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१७ पासून जगभरातल्या व्यापारालाही बंदी आहे. छापायचंच असेल तर शिक्षा छापा. किंवा हे छापा, की मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच महत्त्वाचं, कारण इथलं बहुतेक रान सरकारी नाही, खाजगी मालकीचं आहे. बिळं आहेत ती तुमच्या-आमच्या काजूच्या बागेत, सामायिक डोंगरात. वनखात्याने पहारा ठेवायचा तर किती ठिकाणी ठेवणार? शेवटी मालकानेच ठरवायला हवं. म्हणून चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाचं मला फार कौतुक वाटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे खवलोत्सव झाला. शिमग्याला देवाची पालखी नाचवतात, तशी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी नाचवली. कोणी म्हणेल, हा काय पोरखेळ! मला तसं वाटत नाही. कायद्याला माणूस घाबरतो तो पोलीस दिसेपर्यंत. पालखीत बसलेल्याला मारायला मात्र कोकणी माणसाचा हात उचलत नाही.

असो. गावाकडच्या मंडळींना एवढंच सांगणं. डोंगर साफ करताना, चिऱ्याच्या खाणीला जागा देताना आधी बीळ आहे का बघा. रात्री खवले मांजर दिसलं तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. विहिरीत पडलं, अडकलं तर १९२६ ला, म्हणजे वनखात्याला, फोन करा. घरी आणून पिंजऱ्यात ठेवू नका, आणि फोटो कुठे काढला ते व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच सांगू नका. वारुळं खाऊन ते आपल्या बागांची वाळवी फुकटात कमी करतंय, हे आहेच. पण तो फायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.