डोंगराच्या पोटातले दुबळे पट्टे

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, उत्तराखंडमधील सिल्क्यारा बोगद्याचा काही भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. सतराव्या दिवशी सर्वजण सुखरूप बाहेर आले. त्या काळात बातम्यांमधून ‘शिअर झोन’ हा शब्द अनेकांच्या कानावर पडला. शिअर झोन म्हणजे खडकातला घसरणीचा पट्टा. हिमालयात बोगदे खोदायचे, तर तो नीट समजून घ्यायला हवा.

हातोडा मारला की खडक फुटतो. मात्र जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर तापमान ३०० अंशांच्या पुढे जाते. तिथे गारगोटीसारखी खनिजे न तुटता, अतिशय संथपणे वाहू लागतात. भूपट्टांचा रेटा प्रचंड भागावर असतो, तरी सगळा खडक सारखा वाकत नाही. जिथे जुनी भेग, मऊ थर किंवा झिरपणारे पाणी असते, तिथे हालचाल थोडी जास्त होते. तिथले स्फटिक बारीक होतात आणि बारीक कण सहज सरकतात. पाण्यामुळे कठीण फेल्डस्पारचे अभ्रक बनते. अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेला लागतात आणि पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात. पट्टा जितका सरकतो तितका दुबळा होतो आणि दुबळा झाला की आणखी सरकतो. दोन्ही बाजूंचा खडक मात्र फारसा बदलत नाही.

या पट्ट्यांत तयार होणाऱ्या खडकाला चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये ‘मायलोनाइट’ हे नाव दिले. ते ‘जाते’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. खडक पिठासारखा दळला गेला, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात उष्णतेत स्फटिक नव्याने, बारीक आकारात घडतात, हे पुढे स्पष्ट झाले.

असे पट्टे काही मिलिमीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाड असतात. हिमालयातील ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ हा त्यांपैकी एक महाकाय पट्टा. डोंगर उचलला गेला, वरचा थर झिजला आणि खोलवरचे हे पट्टे वर आले. थंड झालेला खडक पुन्हा तुटतो तेव्हा बहुधा याच जुन्या दुबळ्या जागी. मग तिथे चुरा, चिकणमाती आणि पाणी साठते.

याच राज्यात, जोशीमठजवळच्या तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पात डिसेंबर २००९ मध्ये बोगदा खोदणारे यंत्र अशाच पिचलेल्या खडकात अडकले. आत कोंडलेले पाणी फुटून दिवसाला सहा-सात कोटी लिटर या वेगाने वाहू लागले.

अपघातानंतर ‘निसर्गापुढे इलाज नाही’ असे म्हणणे सोपे असते. पण शिअर झोन अचानक उगवत नाही. भूवैज्ञानिक नकाशात त्याचा माग लागतो. बोगद्याच्या तोंडातून पुढे लांब छिद्रे घेऊन खडक व पाणी आधीच तपासता येते. दुबळा भाग आला की छोट्या टप्प्यांत खोदायचे, लगेच आधार द्यायचा, पाण्याला वाट काढून द्यायची. या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो. सिल्क्याराच्या २०१८ मधील मंजुरीत सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता. बोगदा कोसळला तेव्हा तो मार्ग नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी शिअर झोन होता का, एवढेच विचारून भागणार नाही. तो किती मीटर आधी दिसला होता आणि दिसल्यावर कामाचा वेग कमी केला का, हेही विचारायला हवे.