मुद्दाम बिघडवा, मगच विका!

दुकानात क्यूआर कोड स्कॅन करताना फोन अचानक रिस्टार्ट झाला, की दोष ॲपला दिला जातो. बऱ्याचदा दोष खाली, कर्नलमध्ये असतो.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. त्यातला वाय-फायचा ड्रायव्हर मेमरी मागतो. ती मिळाली नाही तर काय करायचं, हेही कोडमध्ये लिहिलेलं असतं. गंमत अशी, की छोटी मागणी लिनक्स जवळपास कधीच नाकारत नाही. म्हणजे तो कोड चालतच नाही आणि त्यातली चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहते.

यावरचा उपाय म्हणजे 'फॉल्ट इंजेक्शन'. लिनक्समध्ये ही सोय २००७ पासून आहे. 'फेलस्लॅब' सुरू केलं की भरपूर मेमरी असतानाही कर्नल 'नाही' म्हणतो. शंभरात किती वेळा, ते टेस्टर ठरवतो. 'फेल-एन्थ' आणखी नेमकं आहे. आधी पहिली मागणी फसवा, मग दुसरी, मग तिसरी. गूगलचं 'सिझकॉलर' हेच काम आपोआप करतं.

मूळ लिनक्सवर जगभरातल्या टेस्टरची नजर असते. खरा प्रश्न चिप आणि कॅमेऱ्यासाठी कंपन्या जोडतात त्या ड्रायव्हरचा आहे. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले, तेव्हाही घोळ कर्नलमधल्या ड्रायव्हरचाच होता.

मेगापिक्सेलची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांनी ड्रायव्हरची ही परीक्षा घेतली का, तेही जाहीर करावं. विक्रीच्या फोनमध्ये ही सोय सहसा बंदच असते, ग्राहकाला ती तपासणी करता येत नाही.