जळणात जाणारं लाकूड पटाशीखाली यावं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एके काळी ओतीव लोखंडाचा नग आधी लाकडात घडायचा. पंपाची बॉडी असो, ऑइल इंजिनचं फ्लायव्हील असो की उसाच्या चरकाचं दातेरी चाक, पॅटर्नमेकर ते लाकडात तयार करायचा. तो पॅटर्न वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला रस ओतायचा. बीड थंड होताना शंभराला साधारण एक या प्रमाणात आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी या कारागिरांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना बारीक उतार द्यायचा, आतले कोपरे गोलवायचे, आणि हे सगळं पटाशी, रंधा, कानस यांच्यावर. आता ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न सीएनसी यंत्रावर निघतात. तरीही लाकडाची नस ओळखणारे हात या शहरात अजून आहेत.

कारखाना आणि कला यांच्यात कोल्हापुरात कधी भिंत नव्हतीच. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. कारागिरांच्या घरात वाढलेल्या या माणसाने नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली, देशी कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

अशा गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आज लाकूड कोरून बघावंसं वाटलं तर काय होतं? मोबाइलवर शोध घेतला की परदेशी बासवूडचे गुळगुळीत ठोकळे आणि बारा हत्यारांची पेटी समोर येते. किंमत बघितली की उत्साह तिथेच मावळतो. कोरीवकाम हा महागडा छंद आहे, हा समज इथून सुरू होतो आणि तो साफ चुकीचा आहे. लाकूड कोल्हापुरातच आहे. फक्त ते जळणाच्या आणि भंगाराच्या वाटेने निघून जातं.

सगळ्यात सोपं मिळणारं लाकूड म्हणजे पाइन. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात-जातात. मोडलेली खोकी भंगारवाल्याकडे मिळतात. घेताना फळीवरचा शिक्का जरूर पाहावा. परदेशी प्रवास केलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर किमान अर्धा तास तापवलेलं, ते बिनधास्त घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते तिथेच सोडावं. पाइनमध्ये एक रेषा मऊ आणि दुसरी कडक असते, त्यामुळे नाजूक नक्षीत ते दगा देतं. पण हात बसवण्यासाठी, पटाशी रेषेच्या बाजूने कशी पळते आणि उलट रेषेत कशी अडकून लाकूड उपटते हे कळण्यासाठी त्याहून स्वस्त शाळा नाही.

दुसरा साठा जुन्या घरांचा. पेठांमधले वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब, चौकटी निघतात. मोठा सागवानी माल लगेच विकला जातो, पण हात-दीड हाताचे तुकडे, मोडक्या चौकटी, झरोक्यांच्या पट्ट्या पडून राहतात. हा साग कित्येक वर्षं वाळलेला असतो. तो आता वाकणार नाही, तडकणार नाही. त्यात खिळे मात्र दडलेले असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय पटाशी लावली तर धार गेलीच म्हणून समजावं. साग हत्यार लवकर बोथट करतो, पण त्यावर उमटलेली रेघ टिकते.

नवख्यासाठी सगळ्यात गुणी लाकूड शोधायचं तर ते शिवण. हलकं, फिकट, रेषा सरळ, आणि वाळल्यावर जागा न सोडणारं. पॅटर्नमेकरही त्याला मानतात ते याच गुणांमुळे. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या खेळण्यांसाठी आणि लाकडी फळांसाठी पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड वापरलं गेलं, त्यामागेही हाच हिशेब होता: जे सहज कापता येतं आणि रंग धरतं ते निवडायचं. मिरजेचे सतारमेकर तूण वापरतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूरहून जेमतेम 50 किलोमीटरवर असलेल्या सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन तुणीचे उरलेले तुकडे मागायला काय हरकत आहे? आंबा सगळीकडे मिळतो आणि स्वस्तही असतो, पण त्याची रेषा गुंतलेली असते आणि तो लवकर किडतो. बाभळीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. निलगिरी वाळताना पिळवटते.

फुकटचं लाकूड म्हटलं की कोयता घेऊन झाडाकडे निघणारेही असतात. तसं अजिबात करू नये. साग, शिसव, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ अशी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड तोडण्याची गरजही नाही, कारण पावसाळ्याआधी वीजतारांखालच्या आणि रस्त्याकडेच्या फांद्या छाटल्या जातात तेव्हा ढीगच्या ढीग लाकूड रीतसर खाली येतं.

ते ओलं असतं, एवढीच अडचण. ओलं लाकूड कोरायला लोण्यासारखं, पण वाळताना तडकतं. ओंडका मधोमध चिरून गाभ्याचा मगज काढून टाकावा, दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट लावावा आणि सावलीत, खाली पट्ट्या देऊन, वारा खेळेल असं रचून ठेवावं. एक इंच जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब जगभर धरतात. ज्यांना धीर नाही त्यांनी ओल्यातच पळी किंवा चमचा कोरावा. पातळ वस्तू सारखी वाळते आणि सहसा फुटत नाही.

हत्यारं किती लागतात? एक चाकू, एक चार सुती पटाशी, एक गोल पटाशी, एक लाकडी मोगरी आणि लाकूड घट्ट धरायला सी-क्लॅम्प. चाकू उद्यमनगरात पॉवर हॅकसॉच्या तुटक्या पात्यापासूनही बनतो. खरा खर्च धारेवर करावा, पैशाचा नव्हे, वेळेचा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटून हातात घुसते. मोकळा हात कधीही पात्याच्या पुढे नसावा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. धारेची शेवटची सफाई चामड्यावर होते, आणि इथे तर कोल्हापूरकराला कुठे जायचीच गरज नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या कातरणी सुभाषनगरात, जवाहरनगरात चप्पल कारागिरांकडे निघतात. त्यातली एक पट्टी फळीवर चिकटवली, वर पॉलिशची वडी घासली की काम झालं.

बहुतेकांची पहिली इच्छा गणपती कोरायची असते. तो सहा महिन्यांनी कोरावा. आधी सपाट फळीवर एकच पिंपळपान, मग पळी, मग कपड्यावर उमटवायचा साधा ठसा.

या सगळ्याकडे केवळ छंद म्हणून पाहणं चूक ठरेल. अंबाबाई मंदिरातल्या लाकडी गरुड मंडपाचे खांब वाळवीने पोखरल्याचं, खालून कुजल्याचं आढळल्यावर तो उतरवून नव्याने उभारण्याचं काम हाती घ्यावं लागलं. लाकडी वारसा असलेल्या शहराला लाकूड समजणारी माणसं सतत लागणार. ती जाहिरात देऊन तयार होत नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी हातात पटाशी आलेली मुलंच पुढे तो वारसा सांभाळतात.

वाटही आखलेली आहे. 1937 च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नयी तालीममध्ये सुतारकाम हे शिक्षणाचं साधन मानलं गेलं होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दप्तरमुक्त दिवस आहेत, त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं त्यात म्हटलं आहे. कोल्हापूरच्या शाळांनी हे दिवस सहलीत घालवू नयेत. उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमध्ये न्यावं, तिथल्या वयस्कर मेस्त्रींना मानधन देऊन गुरुजी करावं.

आणि महापालिकेने लाकडाची सोय करावी. होळीला पंचगंगा स्मशानभूमीसाठी शेणी दान करण्याची रीत या गावाने रुजवली. तसंच लाकडाचंही करता येईल. छाटणीतले मांडीएवढे जाड, सरळ ओंडके वेगळे काढावेत, एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली रचावेत, वर झाडाचं नाव आणि तोडीची तारीख लिहावी आणि शाळांना, शिकणाऱ्यांना नाममात्र दराने द्यावेत. कारखानदारांनी मोडकी खोकी आणि बाद झालेले लाकडी पॅटर्न तिथे पोहोचवावेत. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना नवं खातं. उद्यान विभागाने येत्या पावसाळ्याआधीच्या छाटणीपासूनच ही सुरुवात करावी.