दोन्ही केलेले बरे!

ऐन दिवाळीत, चकली-करंजीचे ताट पुढे असताना कोणी सापाचा विषय काढला, तर घरातली वडील मंडळी डोळे वटारतील. दिवेलागणीनंतर सापाचे नावसुद्धा आमच्याकडे घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. पण मला हा विषय आजच काढला पाहिजे. दिवाळी सरली की आमच्या माळशिरस तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि बायकापोरे जमिनीवर वाकळ टाकून निजतात.

माझे भांडण सापाशी नाही. मांत्रिकाशीही फारसे नाही. तो बिचारा आपला धंदा करतो. माझे भांडण आहे ते चार बुके शिकलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांशी आणि त्यांच्या तोंडच्या एका वाक्याशी. "डॉक्टरकडे न्यायचंच आहे, पण आधी देवाला दाखवून घेऊ. दोन्ही केलेलं बरं." किती समंजस वाटते हे वाक्य! देव राजी, डॉक्टर राजी, भावकी राजी. राजी नसते ते फक्त विष. ते कोणासाठी थांबत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी शेतीपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून बॅटरी घेऊन उसात दारे धरायला गेलो होतो. कुकरची शिट्टी व्हावी तसा फूत्कार ऐकू आला आणि घोट्यापाशी निखारा ठेवल्यासारखे झाले. घोणस होती. शेजाऱ्यांनी मला मोटारसायकलवर मध्ये बसवले आणि नेले कोठे, तर गावच्या देवळात. तिथे कडुनिंबाचा पाला चावायला दिला. पाला गोड लागला तर विष भिनले, कडू लागला तर नाही, अशी ती परीक्षा.

"गुरुजी, कसा लागतोय?"

"कडू."

"मग झालं तर! इख न्हाई."

वाचकहो, मी मॅट्रिक झालेला, मुलांना रक्ताभिसरण शिकवणारा मास्तर. घोणशीचे विष रक्तावर चालते, जिभेच्या चवीवर नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी पाला चावत बसलो. चारचौघांचे मन कसे मोडायचे? दोन तास गेले. पाय मांडीपर्यंत सुजला आणि चूळ भरली तर पाण्यात रक्त. तेव्हा कुठे जीप निघाली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ना साप कोणता विचारला, ना चव. काचेच्या कोरड्या नळीत माझे थोडे रक्त घेतले आणि घड्याळ लावून ती 20 मिनिटे तशीच ठेवली. रक्त गोठले नाही. पाण्यासारखे हलत होते. लसीच्या 10 कुप्या शिरेतून दिल्या. 6 तासांनी पुन्हा नळी, पुन्हा रक्त पातळ, पुन्हा 10 कुप्या. घोड्याच्या रक्तापासून केलेली ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून पिशवीतून आणण्याची गरजच नसते. लहान मुलाला निम्मी लस असेही नाही. साप मुलाला निम्मे विष टोचत नाही.

मी वाचलो. गावी परतलो तो श्रेयाची वाटणी होऊन गेली होती. आईने नवस बोलला होता; माझ्या नावाची पितळी घंटा देवळात टांगली गेली. मी गप्प राहिलो. म्हातारीचे मन मोडवेना.

पुढे दोन वर्षांनी, अशाच थंडीत, कोपीतला नऊ वर्षांचा एक मुलगा पहाटे पोटात कळ आली म्हणून रडत उठला. अंगावर व्रण नाही, सूज नाही. मण्यारीचे असेच असते. झोपेत चावते आणि कळतही नाही. त्याचे आईबाप परमुलखातले, अडाणी म्हणा हवे तर. ते गाडी मागत होते. आमच्याच गावच्या शहाण्यांनी त्यांना देवळाकडे वळवले. "आमचे गुरुजी इथंच बरे झाले, ही बघा घंटा!" पोराच्या पापण्या मिटत चालल्या, थुंकी गिळता येईना. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात; अशा वेळी लस हवी आणि श्वास चालू ठेवणारा माणूस हवा. तिथे होता तो अंगारा. मूल वाटेतच गेले.

देवळात बरे होणारे बरे कसे होतात, हेही सांगून टाकतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे नुसते खांबाला टेकून बसवले तरी पुष्कळ माणसे घरी चालत जातील. धामणीची पुण्याई मांत्रिकाच्या खात्यावर जमा होते. उरलेल्यांची गणती मात्र भयंकर आहे: 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. सर्पदंशाची सक्तीने नोंद ठेवावी, असे केंद्र सरकारने राज्यांना कळवले ते 2024 च्या नोव्हेंबरात.

"दवाखान्यात तरी काय ठेवलंय? 'पुढे न्या' म्हणतात," असे मला सुनावतात. खरे आहे. काही ठिकाणी कुप्या कपाटात असतात आणि लसीची उलट प्रतिक्रिया येईल या भीतीने कपाट उघडत नाही. त्यावर भांडले पाहिजे, कडाकडा भांडले पाहिजे. पण ते भांडण दवाखान्याच्या दारात उभे राहून करता येते, देवळाच्या पायरीवर पाला चावत नाही. आणि 108 ला हाक मारायला कोणाची संमती लागत नाही.

देवळाची घंटा रोज वाजते. तिच्यावरचे माझे नाव खरवडून काढण्याची परवानगी मी पंचांकडे मागितली आहे. आईच्या पश्चात असे करणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. दिवाळीनंतर बैठक आहे.