मोबाइलवरची सही खोटी नव्हे

‘घरबसल्या बोट टेकवायचं आणि त्याला लोकलढा म्हणायचं? कळकळ असेल तर झोन ऑफिसात या.’ महापालिकेकडे ऑनलाइन सह्यांचा अर्ज गेला की असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा आक्षेप सुरतेत तर मुळीच टिकत नाही.

लिंबायत, उधना, डिंडोलीत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबं दाटीवाटीने राहतात. लूमची पाळी बारा तासांची, बहुधा सात ते सात. ऑफिस उघडतं आणि बंद होतं ते त्याच वेळात. अर्ज द्यायला जायचं तर खाडा होतो, रोज बुडतो. अशा कारागिराने पाळी संपल्यावर केलेली सही आळसाची कशी?

दुसरा आक्षेप असा की, वस्तीशी संबंध नसलेले लोकही सह्या ठोकतात. खुल्या संकेतस्थळांवर हे घडतं, हे मान्य. पण कागदावरही एकच हात दहा सह्या करू शकतो. उपाय पडताळणीचा आहे: प्रभाग, ओटीपी, मतदार यादी. 1870 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने सभासदाकडून किमान 50 जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र मागितलं होतं. सहीमागचा माणूस तपासायची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

तिसरे म्हणतात, तक्रारीसाठी महापालिकेचं ॲप आहे की! आहे, आणि तुंबलेल्या गटारासाठी ते उपयोगीही आहे. पण जून 2025 मध्ये खाडीपूर आला, तो एका घराची तक्रार नव्हता. लिंबायतमध्ये बाया घरी साड्यांचे धागे कापतात, टिक्क्या लावतात. मिठी खाडीचं पाणी घरात शिरलं की व्यापाऱ्याचा माल भिजतो आणि मजुरीही जाते. खाडीतला गाळ, काठावरची बांधकामं, त्यासाठी लागणारा निधी, हे सारं धोरणाचं काम आहे. ते वस्तीने एकत्र मागायचं असतं.

‘मग 30 प्रभागांचे 120 नगरसेवक कशाला?’ हा चौथा प्रश्न. खासदार निवडून दिल्यावरही लोकसभेत याचिका समिती आहेच ना! मत दिलं म्हणजे पाच वर्षं तोंड बंद ठेवायचा करार केला, असं होत नाही.

एक उणीव मात्र खरी आहे: अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून कागदावरची आणि मोबाइलवरची, दोन्ही सह्या एकाच अर्जात मोजल्या पाहिजेत.

अशी सोय इतरत्र झालेली आहे. इंग्लंडमध्ये 2009 च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर ई-अर्ज स्वीकारण्याची सक्ती आली. 2011 च्या कायद्याने ती काढली, तरी अनेक परिषदांनी ही सोय चालू ठेवली. आणि सुरतेचा स्वतःचा इतिहासही आहेच. 1848 साली सरकारने बंगाली वजनं-मापं लादायचा प्रयत्न केला, तेव्हा सुरतकरांनी एकजुटीने तो हाणून पाडला. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज गल्लीबोळांत उतरवलं आणि शहराचा कायापालट झाला. लोकांनी बोलावं आणि प्रशासनाने जागेवर जाऊन ऐकावं, हे या शहराला नवं नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पडताळलेल्या सह्यांची संख्या ठरवा. तेवढ्या सह्या झाल्या की अर्जाला आवक क्रमांक द्या, विषय सामान्य सभेत घ्या आणि ठरलेल्या मुदतीत लेखी, सकारण उत्तर द्या. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. कारण कळलं तर त्यावर वाद घालता येतो. मौनाशी वाद घालता येत नाही.