दुकानदाराने वय विचारले तर

आपल्या घरांत एक काम नेहमी सर्वांत लहान मुलाच्या वाट्याला येते. दादीची तंबाखू संपली, फूफींची मिसरी संपली, चाचांना सिगारेट हवी, पाहुण्यांसाठी पान आणायचे, की हाक पडते ती सहावी-सातवीतल्या मुलाला. "जा बेटा, पळत जा, कोपऱ्यावरून घेऊन ये. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे." मूल पळत जाते, पुडी आणते, शाबासकी मिळवते. यात काही गैर आहे असे कुणाला वाटत नाही, कारण हे काम आपणही लहानपणी केलेले असते.

पण आता काही दुकानदार विचारू लागले आहेत, "बेटा, तुझं वय किती? कार्ड आहे का?" मूल रिकाम्या हाताने परत येते आणि घरात चर्चा सुरू होते. कुणाला हसू येते, कुणाला राग येतो. या महिन्यात आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. प्रश्न दोन शब्दांचा असला, तरी त्याचे उत्तर दुकानात नाही, आपल्या घरात आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. सिगारेट आणि तंबाखूजन्य पदार्थांचा केंद्रीय कायदा 2003 सालचा आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार 18 वर्षांखालील कोणत्याही व्यक्तीला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आतही विकता येत नाही. अनेक शाळांबाहेर रस्त्यावर पिवळी रेषा आखलेली दिसते, ती याचीच खूण आहे. या कायद्याखालच्या नियमांनुसार गिऱ्हाईक सज्ञान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, आणि शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो. म्हणजे दुकानदार कार्ड मागतो तेव्हा तो उद्धटपणा करत नाही, आपले काम करतो.

"पण मूल स्वतःसाठी कुठे घेतं? दादीसाठी घेतं ना!" असे आम्हाला पालक सभेत अनेकदा ऐकावे लागते. कायदा हे विचारत नाही की पुडी शेवटी कुणाच्या तोंडात जाणार आहे. तो एवढेच पाहतो की ती कुणाच्या हातात दिली. आणि आम्हा शिक्षकांच्या अनुभवातून सांगायचे तर, यात कायद्याचे बरोबर आहे. रोज पुडी आणणाऱ्या मुलाला दुकान माहीत होते, भाव माहीत होतो, वास माहीत होतो. दुकानदारही त्याला ओळखू लागतो. एखाद्या दिवशी त्याने स्वतःसाठी घेतली, तर दुकानदाराला कसे कळणार? आणि घरच्यांना तरी कसे कळणार?

भीती काल्पनिक नाही. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. पन्नास मुलांच्या वर्गाचा हिशेब केला तर सरासरी चार मुले. आमच्या राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यास 2020 पासून मनाई आहे, ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे. तरीही पावसाळ्यात शाळेची गटारे साफ होतात तेव्हा त्यातून काय निघते, ते आमच्या शिपाईमामांना विचारावे.

मागच्या वर्षी मोहल्ल्यात एक प्रसंग घडला. नववीतला एक मुलगा अब्बांसाठी सिगारेटचे पाकीट आणायला गेला. दुकानदार चाचांनी दिले नाही. म्हणाले, "अब्बांना पाठव." थोड्या वेळाने अब्बा स्वतः आले, तेही तावातावाने.

"वीस वर्षांपासून तुमच्याकडून घेतो. माझ्या पोराला कार्ड विचारता? तो काय चोर आहे?"

चाचा शांतपणे म्हणाले, "भाई, चोर असता तर मी त्याला गल्ल्याजवळ उभं केलं असतं का? तो माझ्याही नातवासारखा आहे. म्हणून नाही दिलं."

पाकीट घेऊन अब्बा निघून गेले. पुढे त्यांनी काय ठरवले ते आम्हाला माहीत नाही, पण त्या दिवसापासून तो मुलगा त्या कामासाठी दुकानावर दिसला नाही, एवढे खरे.

त्या अब्बांच्या रागाचा आम्ही बराच विचार केला. तो राग केवळ सिगारेटचा नव्हता. कागदपत्रे दाखवा, हा शब्द आपल्या घरांत साधा राहिलेला नाही. भाड्याने घर शोधताना, परगावी लॉजवर उतरताना, प्रवासात चौकशी होताना कार्डावरचे नाव वाचून समोरच्याचा चेहरा बदललेला अनेकांनी पाहिला आहे. त्यामुळे कुणी कार्ड मागितले की मन आधीच आखडते. ही जखम खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

पण दोन प्रश्न वेगळे ओळखायला शिकले पाहिजे. एक प्रश्न असतो, 'तू कोण आहेस?' दुसरा असतो, 'तू किती वर्षांचा आहेस?' पहिल्या प्रश्नात कधी कधी संशय लपलेला असतो. दुसरा प्रश्न सर्वांना सारखा आहे. त्यात नाव, जात, धर्म, मोहल्ला काही येत नाही, फक्त जन्मतारीख येते. दुकानदार शेजारच्या गणेशलाही तेच विचारत असेल आणि आपल्या अयानलाही तेच, तर त्यात अपमान नाही. फक्त अयानलाच विचारत असेल, तर मात्र त्याला शांतपणे जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

विलायतेत राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाइकांना विचारून पाहा. तिथे तंबाखू विकत घेण्याचे किमान वय 18 आहे, पण अनेक दुकानांचा शिरस्ता असा की गिऱ्हाईक 25 वर्षांपेक्षा लहान दिसले तरी ओळखपत्र मागायचे. अमेरिकेत हे वय 2019 पासून 21 आहे, आणि तिथे 30 वर्षांखालच्या गिऱ्हाइकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे लागते. मालदीवने तर नोव्हेंबर 2025 पासून 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकण्यावर कायमची बंदी घातली आहे. तिथे त्या पिढीचे वय कितीही वाढले तरी दुकान तिच्यासाठी बंदच. तिथली माणसे या प्रश्नाला सरावली आहेत. आपल्याला तो नवा आहे, एवढेच.

एक मुद्दा खास आपल्या घरांत निघतो. "पोरगा बालिग झाला, नमाज-रोजे फर्ज झाले, मग तो लहान कसा?" काही पालक हे मनापासून विचारतात. बालिग होणे आणि सगळे व्यवहार हाती येणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे आपल्याकडे जुन्या काळापासून मान्य आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांची मालमत्ता त्यांच्या हवाली करण्याविषयी मार्गदर्शन आहे. तिथे वयाबरोबरच त्यांच्यात समज आलेली दिसणेही आवश्यक धरले आहे. म्हणजे इबादतीची जबाबदारी आली तरी बरे-वाईट पारखण्याची समज यायला अवधी लागू शकतो. कायद्याने त्यासाठी 18 ही सरळ रेषा आखली, कारण दुकानदार प्रत्येकाची समज तपासत बसू शकत नाही. तो फक्त तारीख वाचू शकतो.

आता तारखेकडे येऊ. इथे आमच्या खात्याचे जुने दुखणे निघते. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरची जुनी पाने उलटली तर दिसते की कितीतरी मुले 1 जूनला जन्मली. जून महिना उजाडला, पालक मुलाला घेऊन आले, जन्माचा दाखला नाही, अम्मीला आठवते ते 'ईदनंतर, मोठ्या पावसात'. मग शाळेतच 1 जून लिहिले गेले आणि तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर, सगळीकडे गेली. अशा कार्डावर मूल कधी वर्षभर मोठे ठरते, कधी वर्षभर लहान. दुकानदाराने कार्ड पाहिले तरी त्याला खरे वय कळत नाही.

म्हणून जन्मनोंदणीचा हट्ट धरा. 1 ऑक्टोबर 2023 पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी आणि सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच चालणार आहे. जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची असते. नाव ठरले नसेल तरी नोंद करता येते, नाव नंतर घालता येते. अकीक्याची तारीख ठरवतो त्याच वेळी नोंदणीचे कामही ठरवून टाकावे. नावाचे स्पेलिंग पहिल्याच कागदावर नीट लिहून घ्यावे. शेख, शैख, मोहम्मद, मो. असे चार कागदांवर चार प्रकार झाले की पुढे मुलाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. आणि आधार कार्डाच्या भरवशावर राहू नये. वय ठरवण्यासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटले आहे.

जे आपले भाऊ पानपट्टी किंवा किराणा चालवतात, त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्या वस्त्यांत अशी दुकाने पुष्कळ आहेत आणि त्यावर घरे चालतात, हे आम्ही जाणतो. अल्पवयीनाला तंबाखू विकल्याचा 2003 च्या कायद्यातला दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, म्हणून अनेकजण तो मनावर घेत नाहीत. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचे 77 वे कलमही आहे. त्यानुसार मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय 18 वर्षांखालच्या व्यक्तीने तंबाखू हाताळणे किंवा विकणेही नियमात बसत नाही. म्हणजे जुम्म्याच्या नमाजला जाताना "जरा गल्ल्यावर बस" म्हणून आपल्याच दहावीतल्या मुलाला तिथे बसवणे हेही चुकीचे.

दुकानदाराने 18 वर्षांखालील व्यक्तीला विक्री हा गुन्हा असल्याचा फलक लावणे बंधनकारक आहे. तो रॅकच्या मागे लपवू नका, समोर लावा. गिऱ्हाईक भांडायला आले की फलकाकडे बोट दाखवता येते. "मी नाही, नियम विचारतो," एवढे म्हटले की निम्मे भांडण मिटते. विचारणेही गोड शब्दांत व्हावे. "ए, कार्ड काढ" यापेक्षा "बेटा, वय सांग, अठरा पूर्ण नसतील तर मी देऊ शकत नाही" हे ऐकायला बरे वाटते.

कार्ड दाखवणाऱ्या तरुणांनीही थोडी काळजी घ्यावी. वय पाहण्यासाठी कार्ड नुसते दाखवले की पुरे. झेरॉक्स देण्याची, फोटो काढू देण्याची किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची गरज नाही. आधार दाखवायचेच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार काढून ठेवावे.

आता पुन्हा घराकडे वळू. आमची विनंती फार मोठी नाही. या महिन्यापासून एक गोष्ट ठरवावी: तंबाखू, सिगारेट, मिसरी आणायला मूल जाणार नाही. ज्याला हवी त्याने स्वतः उठावे. दादींचे गुडघे दुखत असतील तर अब्बांनी आणावी. असे केले की आणखी एक गोष्ट आपोआप होते. दर वेळी स्वतः चपला घालून कोपऱ्यापर्यंत जावे लागले, की दिवसाच्या चार पुड्यांच्या तीन होतात. काही घरांतून आम्ही हे ऐकले आहे.

आणि मुलाने कधी विचारले, "अम्मी, दुकानदारानं मला का नाही दिलं?" तर त्याला रागावून "जाऊ दे, तो तसाच आहे" असे सांगू नये. त्याला खरे कारण सांगावे: ती वस्तू वाईट आहे, आणि तुझ्या शरीराची काळजी एका परक्या माणसानेही केली. हे ऐकलेले मूल पुढे मित्राने पुडी पुढे केली तर नाही म्हणण्याची शक्यता जास्त. शाळेत आम्ही तंबाखूच्या दुष्परिणामांवर चित्रे काढून घेतो, प्रतिज्ञा म्हणून घेतो. पण संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच मुलाच्या हातात दहाची नोट ठेवून पुडी आणायला पाठवले, तर आमची सकाळची प्रतिज्ञा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.